शिशाची गोळी आणि सिल्वासाची वाट

आमच्या सत्तरीतल्या जुन्या घरात एक लोखंडी चिमटा आहे. दिसायला अडकित्त्यासारखा, पण तोंडाशी दोन अर्धगोल खळगे. चिमटा मिटला की आत बोराएवढी पोकळी उरते आणि वर शिसे ओतायला बारीक भोक. हा आजोबांचा गोळ्यांचा साचा. ठासणीची बंदूक त्यांनी शेताच्या राखणीसाठी ठेवली होती, परवान्यासकट. भाताला कणसे धरली की डुकरे उतरायची. त्याच्या आदल्या रात्री आजोबा चुलीपाशी बसून जाळ्याचे जुने शिसे पळीत वितळवायचे. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्याला चूल पुरते. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर मात्र शिसे तडतडून अंगावर उडते, म्हणून आम्हा मुलांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. आजोबा गेले, बंदूक रीतसर जमा झाली. फॉर्मात साच्यासाठी रकानाच नव्हता, त्यामुळे साचा घरीच राहिला. (कारकुनाच्या घरात हे व्हावे, याची मला गंमत वाटते.)

शब्द बघा कसे आहेत. बंदूक हा शब्द अरबीतला. त्याचा मूळ अर्थ फळासारखी वाटोळी गोळी, नळी नव्हे. काडतूस मात्र आपल्याला पोर्तुगिजांनी दिले, त्यांच्या ‘कार्तूशु’वरून. ‘बारा बोअर’ म्हणजे काय हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या, त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते ती नळी बारा बोअरची. गोळी साधारण ३८ ग्रॅमची, नळी साडेअठरा मिलिमीटरची. म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढी बंदूक मोठी!

साच्यातली गोळी घरची, काडतूस बाजारचे. पितळी नळकांडे, बुडाशी टोपी, आत मोजून भरलेली दारू, हे काही चुलीवर होत नाही. अमेरिकेत पंचेचाळीस कॅलिबरच्या जाड काडतुसांच्या खटक्याच्या रायफली निघाल्या, खालचा दांडा पुढे-मागे केला की पुढचे काडतूस चढते. रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याकडे अशीच एक विंचेस्टर होती, ४०५ बोअरची. त्यांना काडतुसांची ददात नव्हती. आपल्याकडे मात्र इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवरच बंदी घातली. कारण? त्याच मापाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, शिकाऱ्यांचे सामान त्यांना मिळेल ही भीती. मग विलायती कारागिरांनी ४६५, ४७० असे नवे आकडे काढले आणि साहेबांची शिकार सुरू राहिली. सरकार खरे भिते ते काडतुसाला.

हे सगळे मला आठवले ते सिल्वासाच्या वाटेवर. मेहुणा तिथे कारखान्यात नोकरीला आहे, म्हणून जाणे झाले. वापीला उतरलो, रिक्षा केली. गुजरात, मग दादरा, पुन्हा गुजरातची पट्टी, मग नगरहवेली. अर्ध्या-पाऊण तासात इतक्या हद्दी! आज कोणी विचारत नाही. पण १९५४ पूर्वी दमणहून सिल्वासाला जाणाऱ्या पोर्तुगीज शिपायाला ही पट्टी ओलांडायला परवानगी लागे, आणि काडतुसांच्या पेटीला तर त्याहून जास्त.

हा मुलूख मराठ्यांनी दिलेला. १७७२ साली मराठा आरमाराने पोर्तुगिजांचे ‘सांताना’ हे जहाज धरले, पुढे १७७९ च्या तहात भरपाई म्हणून या गावांचा वसूल कबूल झाला. समुद्र नाही, दमणला लागून नाही, अशी ही बेटे जमिनीवरची. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने एकमेकांच्या हद्दीत सशस्त्र शिपाई नेण्याला बंधन घातले. त्याच सालच्या हत्यार कायद्याखालच्या नियमांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातून शस्त्रे, दारूगोळा आणायला किंवा तिथे पाठवायला खास परवाना लागू केला. दमणहून सिल्वासाला जाणाऱ्या पेटीलाही तोच नियम. पाऊणशे वर्षे हा परवाना कोणी ना कोणी कारकून लिहीत होता, आणि जुलै १९५४ मध्ये भारत सरकारने वाट बंद केली.

२१-२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतले. तिथले फौजदार आनिसेतो रोझारियु मारले गेले. ते पोर्तुगिजांचे चाकर होते, पण ठाणे सोडून गेले नाहीत. आपल्या मुक्तीच्या गोष्टींत त्यांचे नाव येत नाही, ते यायला हवे असे मला वाटते. मग नारोली पडले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि मंडळी, पुण्या-मुंबईचे राजा वाकणकर, सुधीर फडके असे सगळे सिल्वासात शिरले. पैशासाठी लता मंगेशकरांचा पुण्यात कार्यक्रम झाला होता. तिकडे वारली पाड्यांत कम्युनिस्ट कार्यकर्ते आधीपासून काम करीत होते. कोणाचे श्रेय किती, यावर आजही भांडण आहे, मी त्यात पडत नाही. हत्यारे तुटपुंजी होती एवढे सगळेच सांगतात. पण समोरच्यांकडे रायफली असूनही मागून एक पेटी यायची आशा नव्हती. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या लोकांसह खानवेलकडे हटले आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले.

पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात गेला. भारताची बाजू सेटलवाड यांनी मांडली, आणि भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश म्हणून छागला बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल वाचण्यासारखा आहे. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. या दुसऱ्या मुद्द्यावर मते पडली आठ विरुद्ध सात. एका मताने! आणि न्यायालयाने पुराव्यात काय धरले? तो १८७८ चा तह आणि ते परवान्याचे नियम. कोणा विसरलेल्या कचेरीतले कागद.

मेहुण्याला हे सांगितले तर तो म्हणाला, “भावोजी, तुम्हाला सगळीकडे फाइलीच दिसतात.” परत आल्यावर मी साचा काढून तेल लावले. एका खळग्यात शिशाचा जुना थर अजून चिकटलेला आहे, तो तसाच ठेवला.