निर्दोषत्वाचे गृहीतक, रोमन फौजदारी विधीतील
दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानावे, हे आधुनिक फौजदारी विधीचे मूलतत्त्व होय. त्याचा उगम रोमन विधीत शोधला जातो. तथापि रोमन विधिग्रंथांत ते सर्वसाधारण नियम म्हणून मांडलेले नाही. त्याचे घटक मात्र विखुरलेले आढळतात.

प्रांताधिकाऱ्यांनी उकळलेल्या द्रव्याच्या चौकशीसाठी इ. स. पू. १४९ मध्ये कॅल्पूर्नियन विधीने पहिले स्थायी न्यायालय स्थापन झाले. पुढे विकसित झालेल्या अशा न्यायालयांत सामान्यतः कोणाही नागरिकास अभियोक्ता होता येई व पुरावा त्यालाच द्यावा लागे. पंच गुप्त मतदान करीत. समसमान मते पडल्यास आरोपी सुटे. जाणूनबुजून खोटा आरोप करणारा शिक्षेस पात्र ठरे.

साम्राज्यकाळात ट्रेजन (कार. ९८–११७) याने केवळ संशयावरून कोणासही दोषी ठरवू नये, निरपराध्यास शिक्षा होण्यापेक्षा अपराधी सुटलेला बरा, असे कळविल्याचे अल्पियन नमूद करतो. सिद्धिभार प्रतिपादन करणाऱ्यावर असतो, नाकारणाऱ्यावर नाही, हे पॉलसचे वचन डायजेस्टमध्ये (५३३) समाविष्ट आहे. त्याचा मूळ संदर्भ मात्र दिवाणी विधीचा होय. ३८२ च्या एका राजशासनाने अभियोक्त्यास विश्वसनीय साक्षीदार वा निःसंदिग्ध पुरावा असल्याशिवाय आरोप न करण्यास बजावले.

या संरक्षणास मोठ्या मर्यादा होत्या. गुलामांची साक्ष यातना देऊन घेतली जाई. राजद्रोहाच्या आरोपात स्वतंत्र नागरिकांनाही यातनांपासून संरक्षण उरत नसे. प्रांताधिपती स्वतःच चौकशी करून निर्णय देऊ लागल्यावर पंचांचे महत्त्व ओसरले. उच्च व हीन दर्जाच्या व्यक्तींना एकाच अपराधाबद्दल भिन्न शिक्षा होत. यातनांनी मिळालेला कबुलीजबाब विश्वासार्ह नसतो, हे अल्पियनने ओळखले होते. तरीही ही प्रथा टिकून राहिली.

प्रत्येक व्यक्ती निर्दोष गृहीत धरावी, हे स्पष्ट सूत्र मध्ययुगीन धर्मविधिज्ञांनी मांडले, झां ल म्वान (मृ. १३१३) हा त्यांपैकी प्रमुख. १७८९ च्या फ्रेंच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात त्यास स्थान मिळाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये कॉफिन खटल्यात रोमन वचनांचा आधार घेऊन या तत्त्वाची प्राचीनता प्रतिपादिली. रोमन विधीने सिद्धिभाराचा नियम व संशयाविषयीची सावधगिरी दिली. परंतु प्रत्येक मनुष्यास समान लागू होणारा हक्क, हे त्यांचे रूप उत्तरकालीन होय.