न्हाणीच्या पाण्याचा हिशेब



आपल्या बचत गटाच्या वहीत पै-पैचा हिशेब असतो. बचत किती, कर्ज किती, व्याज किती, सगळं लिहिलेलं. पण रोज सकाळी न्हाणीत किती ऊन पाणी जातं आणि ते तापवायला किती जळण लागतं, याचा रकाना कुणाच्याच वहीत नसतो. हा रकाना कोरा का राहिला, ते आज जरा मागे जाऊन बघू.

आपल्या आज्या-पणज्यांकडे पाणी तापवायची दोन साधनं होती. एक चुलीवरचा हंडा आणि दुसरा तांब्याचा बंब. बंबाची रचना शहाणपणाची. मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी, म्हणजे धग बाहेर कमी जायची. पाणी किती तापलं हे मात्र हातानंच ठरायचं. कढत असेल तर विसण घालायचं. बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून बघायचं. ही समज मोठी, पण हात कधी कधी फसवतो. गार पाण्यातून काढलेल्या हाताला कोमट पाणीही कढत लागतं. शिवाय हातानं केलेली मोजणी लिहून ठेवता येत नाही.

तापमान आकड्यात मांडायचं काम युरोपात झालं. १७१४ मध्ये फॅरनहाइट यांनी पाऱ्याचा तापमापक बनवला. १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअस यांनी शंभर अंशांची पट्टी सुचवली. गंमत म्हणजे त्यांच्या पट्टीत उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होता. पुढे ती उलटी केली, आणि तीच आपण आज वापरतो.

यानंतर स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवला. पाणी किती गरम आहे ही एक गोष्ट, आणि त्यात किती उष्णता गेली ही दुसरी. तांब्याभर पाणी आणि हंडाभर पाणी सारखंच गरम असलं, तरी हंड्याला जळण कितीतरी जास्त लागतं. हे आपल्याला चुलीपुढे बसून ठाऊक होतंच. ब्लॅक यांनी ते मोजून दाखवलं.

ब्लॅक यांचे स्नेही जेम्स वॉट. त्यांनी वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा केली. त्यांच्या कंपनीची मोबदला घ्यायची रीत ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंजिनाच्या मानानं खाणमालकाचा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा कंपनीचा. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी वाचलेल्या जळणाला भाव होता, कारण ते मोजलं जात होतं. बाईनं डोक्यावर आणलेल्या मोळीचं असं मोजमाप झालं नाही. मोजलं नाही म्हणून मोल नाही.

पाणी तापवायची नवी साधनं मात्र येत गेली. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी गॅसवर पाणी तापवणारा गिझर काढला. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या झऱ्याचं नाव त्यांनी त्याला दिलं. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी उन्हावर चालणाऱ्या बंबाचं पेटंट घेतलं. काचेच्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या. दुपारी पाणी छान तापायचं, पण रात्रीत निवायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी टाकी वेगळी करून ती जाड आवरणात ठेवली, तेव्हा सकाळीही ऊन पाणी मिळू लागलं. आज गच्चीवर दिसणारे सौर बंब याच कल्पनेवर चालतात.

आता आपलं गणित करू. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायची, तर ४०० किलोकॅलरी. विजेवर ते जवळजवळ अर्धं युनिट. घरात पाच माणसं असतील, तर महिन्याला ७० युनिट. साध्या चुलीत धगीचा दहावा हिस्साच पाण्याला लागतो असं धरलं, तर बादलीमागे साधारण एक किलो सुकं लाकूड. महिन्याला दीडशे किलो! गॅसवर तापवलं तर महिन्याला आठ-साडेआठ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा अर्ध्याहून जास्त भाग.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोहोचला. तरी कितीतरी घरांत स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. लोक म्हणतात, बायकांना सवय सुटत नाही. आम्ही म्हणतो, हे सवयीचं नाही, हिशेबाचं आहे. बायकांनी तो वहीशिवायच केलेला आहे.

आता तो लिहून ठेवणंही सोपं झालंय. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांना दिसलं, की एक विशिष्ट पदार्थ तापला की त्यातून वीज जास्त सहज वाहते. अशाच गुणावर आजचे बरेचसे छोटे तापमान सेन्सर चालतात. वायरच्या टोकाला बोटभर नळी आणि दुसऱ्या टोकाला आकडा. हंड्यात बुडवला की पाणी किती तापलं ते कळतं. गिझरच्या किंवा सौर बंबाच्या गरम पाण्याच्या पाइपला बाहेरून बांधला, तर नळ सोडल्यावर आकडा वर चढतो. दिवसात तो किती वेळा चढला, यावरून पाणी किती वेळा घेतलं ते समजतं. ऊन पाणी येईपर्यंत किती गार पाणी मोरीत गेलं, तेही बादली लावून मोजता येतं. फक्त गिझर उघडायचा नाही आणि विजेच्या वायरींना हात लावायचा नाही. हीटरचा रॉड पाण्यात असेल तर आधी बटण बंद करून पिन काढायची, मगच सेन्सर बुडवायचा.

पण ब्लॅक यांचा धडा विसरू नका. सेन्सर नुसता गरमपणा सांगतो. किती बादल्या, हे आपणच लिहायचं. गटात एक सेन्सर घेऊन तो आठवडाभर एकेका घरी फिरवता येईल. वहीत चार रकाने करा: गार पाण्याचं तापमान, तापल्यावरचं तापमान, बादल्या आणि जळण. हंड्यावर झाकण ठेवून एक आठवडा आणि न ठेवता एक आठवडा, असंही बघा.

सौर बंबासाठी, नव्या चुलीसाठी किंवा गिझरसाठी गटातून कर्ज घ्यायचं असेल, तर आधी ही वही भरा. दुकानदार सांगेल तेवढी बचत खरी मानायची गरज उरणार नाही. आणि घरात कुणी म्हणालं, की पाणी तापवायला असं काय लागतं, तर वही पुढे करा. महिन्याचे दीडशे किलो आणि ते कुणी वाहून आणले, हे त्यात लिहिलेलं असेल.