कोळ्याची कात

मंडळी, बांधावर पडलेली सापाची कात तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. पण कोळीही कात टाकतो, हे किती जणांनी पाहिले आहे? जाळ्यात वाळका कोळी दिसला की ‘मेला’ म्हणून आपण केरसुणी फिरवतो. पुष्कळदा ती नुसती कात असते. तिचा धनी केव्हाच निघून गेलेला असतो.

आजची हकीकत अमेरिकेतली आहे. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांत मोठा केसाळ कोळी आढळतो. त्याला टॅरंटुला म्हणतात. हे नाव मुळात इटलीतल्या टारांटो शहराचे. तिथला कोळी वेगळा. तो चावला तर रोग्याने दमेपर्यंत नाचावे, तरच तो वाचतो, अशी तिथे शतकानुशतके समजूत होती. युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांनी हे नाव नेले आणि नावाबरोबर भीतीही नेली.

ही भीती कितपत खरी, हे विल्यम बेर्ग (१८८५–१९८०) या प्राध्यापकांनी तपासून पाहिले. आर्कान्सा विद्यापीठात ते कीटकशास्त्र शिकवीत. १९२२ साली त्यांनी ‘ब्लॅक विडो’ नावाचा लहानसा काळा कोळी आपल्या बोटाला मुद्दाम चावू दिला आणि अतोनात वेदना सोसल्या. त्यांच्याकडचा टॅरंटुला चावला, तेव्हा मात्र टाचणी टोचावी एवढेच दुखले! आकारावरून विष ठरत नाही, हे असे सिद्ध झाले.

बेर्ग यांनी हे कोळी वर्षानुवर्षे पाळले. कात टाकण्याआधी टॅरंटुला खाणे सोडतो, रेशमी धाग्यांची सतरंजी विणतो आणि तिच्यावर चक्क उताणा पडतो. नवख्याला वाटते, संपला! पण थोड्या वेळाने पाठीचे कवच डब्याच्या झाकणासारखे उघडते आणि हातमोज्यातून बोटे काढावीत तसे आठही पाय हळूहळू बाहेर येतात. या कामाला काही तास लागतात. त्या वेळी अंग इतके मऊ असते की मदतीला घातलेला हातच त्याचा जीव घेईल. तुटलेला पायसुद्धा कातीबरोबर नवा फुटतो, फक्त आधी आखूड असतो.

पिल्ले वर्षातून अनेकदा कात टाकतात, थोराड मादी साधारण वर्षातून एकदा. या कातींचा हिशेब ठेवता ठेवताच कळले, की हा प्राणी वयात यायला सुमारे १० वर्षे घेतो आणि मादी २० वर्षांहूनही अधिक जगते. हे एका दिवसात कळणारे नव्हते. १९५८ साली बेर्ग यांचे ‘द टॅरंटुला’ हे पुस्तक निघाले, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. जिवंत, अनोळखी कोळ्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. पण जाळ्यातली रिकामी कात चिमट्याने उचलून भिंगाखाली जरूर ठेवा. मुलांना पाय मोजू द्या. पुढच्या वेळी केरसुणी उचलण्याआधी ती क्षणभर थांबतील.