जीवनवृत्त पद्धती

जीवनवृत्त पद्धती : व्यक्तीने स्वतःच्या आयुष्याविषयी सांगितलेला वा लिहिलेला वृत्तांत हे प्रमुख साधन मानून समाजजीवनाचा अभ्यास करण्याची सामाजिक शास्त्रांतील एक पद्धती. आत्मवृत्ते, खाजगी पत्रे, रोजनिशा व दीर्घ मुलाखती यांचा तीत उपयोग केला जातो. संख्याशास्त्रीय पाहणीत नमुन्याचा आकार व त्याची निवड यांवरून निष्कर्षांची ग्राह्यता बऱ्याच अंशी ठरविता येते. एका व्यक्तीच्या कथनावर आधारलेल्या संशोधनास हा मापदंड लागू पडत नाही. त्यामुळे अशा संशोधनाची पारख कोणत्या निकषांवर करावी, हा प्रश्न या पद्धतीच्या आरंभापासूनच वादाचा राहिला आहे.

विल्यम आयझॅक टॉमस (१८६३–१९४७) व फ्लॉर्यान झ्नान्येत्स्की (१८८२–१९५८) यांचा द पोलिश पेझंट इन यूरोप अँड अमेरिका हा पाच खंडांचा ग्रंथ (१९१८–२०) या पद्धतीचा पाया मानला जातो. पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या शेतकरी कुटुंबांची शेकडो पत्रे त्यात छापली असून एका स्थलांतरिताच्या आत्मवृत्ताला त्यात मोठे स्थान दिले आहे. शक्य तितके संपूर्ण असे वैयक्तिक जीवनवृत्त हे समाजशास्त्राचे आदर्श साधन होय, असा या लेखकांचा दावा होता.

या दाव्याची कसून तपासणी हर्बर्ट ब्लूमर (१९००–८७) यांनी अमेरिकेतील सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलसाठी केली. ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. साधने प्रातिनिधिक आहेत काय, ती हेतूला पुरेशी आहेत काय, ती विश्वसनीय आहेत काय आणि त्यांचा लावलेला अर्थ सप्रमाण आहे काय, हे चार प्रश्न त्यांनी पुढे ठेवले. ग्रंथातील सिद्धांत पत्रांतून निष्पन्न झालेले नाहीत व पत्रांच्या आधारे त्यांची निर्णायक कसोटीही लागत नाही, असे त्यांना आढळले. तथापि पत्रांमुळे सिद्धांतांना अर्थपूर्णता येते व सिद्धांतांमुळे पत्रे उलगडतात, हेही त्यांनी मान्य केले. पुढील बहुतेक चर्चा या पेचाभोवती फिरत राहिली.

तत्पूर्वी क्लिफर्ड शॉ यांनी द जॅक-रोलर (१९३०) या ग्रंथात शिकागोतील एका तरुण गुन्हेगाराचे आत्मकथन छापताना त्याला अटकेच्या व शिक्षेच्या अधिकृत नोंदींची जोड दिली होती. जॉन डॉलर्ड यांनी क्रायटेरिया फॉर द लाइफ हिस्टरी (१९३५) या पुस्तकात सात निकष मांडले. व्यक्तीकडे तिच्या संस्कृतीचा घटक म्हणून पाहणे, बालपणापासूनच्या अनुभवांचे सातत्य दाखविणे आणि प्रत्येक टप्प्यावरील सामाजिक परिस्थिती स्पष्ट करणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नावलीच्या पाहण्यांचे प्रस्थ वाढले व ही पद्धती मागे पडली. १९७० नंतर तिचे पुनरुज्जीवन झाले.

मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी विश्वसनीयतेच्या कल्पनेलाच नवे वळण दिले. इटलीतील तेर्नी या औद्योगिक शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलादकामगार १९४९ मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनाच्या वेळी पोलिसांकडून मारला गेला. मात्र अनेक कामगारांच्या आठवणींत हा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातीच्या वेळचा ठरला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखविले की, ही चूक निरर्थक नव्हती; सहकाऱ्याच्या मृत्यूला तेव्हा उत्तर देता आले नाही याची बोच तीतून व्यक्त होत होती. परंतु खरी तारीख कागदपत्रांवरून ज्ञात होती, म्हणूनच ही चूक ओळखता आली व तिचा अर्थ लावता आला. कथनाचा आदर आणि त्याची पडताळणी या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत, हे यावरून स्पष्ट होते.

या प्रश्नाचे गांभीर्य ग्वातेमालातील रिगोबेर्ता मेंचू यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनावरून उठलेल्या वादात दिसून आले. त्यांना १९९२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉल यांनी १९९९ मध्ये त्या निवेदनातील काही तपशील प्रत्यक्ष घटनांशी जुळत नसल्याचे दाखविले. हे निवेदन एका समूहाच्या वतीने दिलेली साक्ष असल्याने त्याला केवळ वैयक्तिक आत्मवृत्ताचे माप लावू नये, असे समर्थकांचे म्हणणे होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया वंशीय होते, असा निष्कर्ष दिला. तपशीलांतील विसंगतीवरून अत्याचारांचे वास्तव नाकारणे जसे चुकीचे, तसेच त्या वास्तवाच्या आधारे तपशीलांची तपासणी टाळणेही अयोग्य होय.

संशोधकाने स्वतःचाच अनुभव अभ्यासविषय करण्याची आत्मलोकवर्णनाची शाखा विसाव्या शतकाच्या अखेरीस विस्तारली. लॉरेल रिचर्डसन यांनी २००० मध्ये अशा लेखनासाठी ज्ञानातील भर, कलात्मक गुणवत्ता, आत्मपरीक्षण, वाचकावरील परिणाम व वास्तवाची प्रचीती हे निकष सुचविले. लिऑन अँडरसन यांनी २००६ मध्ये याहून वेगळी भूमिका घेतली. संशोधकाने स्वतःपलीकडील व्यक्तींशीही संवाद साधला पाहिजे व सैद्धांतिक विश्लेषणाशी बांधिलकी राखली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

महाराष्ट्रात ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती व चळवळीचा इतिहास एकत्र आणलेला आहे. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने ही सामाजिक साक्ष म्हणून वाचली (२००६). ज्यांच्या जीवनाची दखल लेखी साधनांनी क्वचितच घेतली, त्यांच्याबाबतीत अशी कथने हे अपरिहार्य साधन ठरते. निकष अतिकठोर केल्यास हा इतिहास लुप्त होतो, तर सैल सोडल्यास त्याच्या विरोधकांना तो सहज फेटाळता येतो. म्हणूनच कथन कोणी, कोणाला व कोणत्या परिस्थितीत सांगितले, संपादकाने त्यात कोणते फेरफार केले, अन्य साधनांशी ते कोठे जुळते व कोठे नाही आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कथनाच्या मर्यादेत आहे काय, हे वाचकास तपासता येणे, ही अशा संशोधनाच्या दर्जाची किमान अट मानता येईल.