वाडग्याविना भुरका

बावडा गावात सुशीचा विषय निघाला की पहिला हशा 'कच्चा मासा' या दोन शब्दांनाच पिकतो. भिगवणच्या चिलापीला तिखट-मीठ लावून ती खरपूस तळणाऱ्या मुलखात ते साहजिक आहे. जपानी माणूस स्वतःच्या जेवणावर हसतो तेव्हा मात्र मासा कच्चा आहे की शिजलेला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. तो हसतो खाणाऱ्याला, त्याच्या सोवळ्याला, ऐटीला आणि हावरेपणाला. या हसण्याचे कूळ सिनेमाच्या बरेच मागे जाते.

सुशी मुळात मासा टिकवण्याची युक्ती. खारवलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन्महिने ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणामुळे मासा नासत नाही. खाताना भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी होणारी फुनाझुशी आजही याच घराण्यातली. पुढे लोकांना इतका धीर निघेना. भात खाऊ लागले, आंबवण्याऐवजी त्यात शिरका घालू लागले. 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाची काप ठेवून ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची रीत आली. तिचे श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. मुटका आजच्या दुप्पट-तिप्पट, आणि खायचा गाड्यापुढे उभ्याने. अशा घाईच्या, कष्टकऱ्यांच्या खाण्याभोवती पुढे शिष्टाचाराचे कडे उभे राहिले आणि थट्टेला जागा मिळाली. या शतकाच्या सुरुवातीला 'रामेन्झ' या विनोदी जोडीने सुशीवर एक छोटी फिल्म केली. तिचा थाट परदेशी पाहुण्यांना रीतभात शिकवणाऱ्या माहितीपटाचा. सुरुवातीचे नियम खरे वाटतात, मग हळूहळू एकेक असा येतो की हसू आवरत नाही. गंभीर चेहरा शेवटपर्यंत सुटत नाही, यातच तिची ताकद आहे.

त्या आधीचा मोठा चित्रपट म्हणजे जुझो इतामी यांचा 1985 चा 'ताम्पोपो'. एका विधवा बाईचे रामेनचे, म्हणजे रशातल्या शेवयांचे, दुकान दोन ट्रकवाले सावरून देतात, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीचा एक प्रसंग पाहाच. एक म्हातारा तरुणाला रामेन खायला शिकवतोय. आधी वाडगा नुसता पाहायचा. मग काड्यांच्या टोकांनी वरचा थर हलकेच गोंजारायचा. डुकराच्या मांसाची काप रशात बुडवून बाजूला सारायची आणि सारताना तिला मनातल्या मनात 'लवकरच भेटू' म्हणायचे. दुसऱ्या एका प्रसंगात बाईंच्या शिकवणीला बसलेल्या मुली स्पॅगेटी आवाज न करता खायला शिकतात. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा परदेशी गृहस्थ मोठ्याने भुरके मारू लागतो, आणि बघता बघता बाईंसकट सगळा वर्ग भुरकू लागतो. तिथे संवादाचे काम भुरकाच करतो.

हा भुरका राकुगो या जपानी कथाकथनातून आला, असे मला ठामपणे वाटते. राकुगोत एकच कथेकरी उशीवर गुडघे मोडून बसतो. हातात पंखा आणि एक फडके, बाकी काही नाही. सोबा या शेवया खायचा प्रसंग आला की तोच पंखा काड्या होतो, दुसरा हात वाडगा होतो आणि भुरक्याचा आवाज तो तोंडाने काढतो. 'तोकिसोबा' ही त्यातली गाजलेली गोष्ट. सोब्याचे 16 मोन द्यायचे असतात. लबाड गिऱ्हाईक नाणी मोजत आठपर्यंत येते आणि मध्येच विचारते, "किती वाजले?" गाडीवाला म्हणतो, "नऊ." गिऱ्हाईक लगेच "दहा, अकरा..." करत पुढे जाते, एक मोन वाचला! हे पाहणारा एक भोळसट दुसऱ्या दिवशी तेच करायला जातो, पण लवकर जातो. जुन्या एदोच्या घड्याळात मध्यरात्रीला नऊ आणि त्याआधीच्या प्रहराला चार म्हणत. त्यामुळे आठ नाणी मोजल्यावर गाडीवाला म्हणतो, "चार." भोळसट मुकाट्याने पाचपासून मोजू लागतो आणि चार मोन जादा देऊन बसतो. या हिशेबावर लोक हसतातच, पण त्याआधी तो रिकामा हात खातो कसा, हे पाहायला बसलेले असतात.

असा रिकामा हात आपल्याकडेही आहे. नीरेपलीकडे अकलूजची लावणी स्पर्धा गाजलेली. त्या सगळ्या तमाशापट्ट्यात वगाआधी गवळण होते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, मावशी हुज्जत घालते. बऱ्याच फडांत डोक्यावर मडके नसतेच. पदर दोन्ही हातांनी वर धरला की मडके दिसते आणि लोण्यासाठीचा तंटा खरा वाटतो. सिनेमातही तेच. दादासाहेब फाळक्यांनी 1913-14 च्या सुमारास 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी मूकपट दाखवला. भारतीय पडद्यावरचा विनोद सुरू झाला तोही बोलण्याविना, हातवाऱ्यांवर.

म्हणून 'ताम्पोपो' पाहायचा असेल तर आधी 'तोकिसोबा'चा एखादा प्रयोग पाहून घ्यावा. भाषा कळली नाही तरी चालेल. पंखा तोंडाशी गेला की पुढचे सगळे कळते.