पलटणीतली शाळा

सैन्याचा वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निशाणे, पदके आणि तलवारी उभ्या राहतात. मास्तरकीत केस पांढरे झालेल्या माणसाची नजर मात्र भलतीकडेच जाते. माझी गेली ती पलटणीच्या शाळेकडे.

होय, मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत शाळा होत्या. शिपायांनी तर शिकायचेच. पण त्यांच्या मुलांनी, इतकेच काय, मुलींनीही शिकायचे, असा तिथला दंडक होता. गावच्या शाळेत महाराच्या पोराला पायरीही चढू देत नसत, त्या काळी छावणीत त्याच्या हाती सक्तीने पाटी दिली जात होती! कवायत जशी चुकवता येत नसे, तशी बाराखडीही.

रामजी मालोजी सकपाळ यांचेच पाहा ना. वडील मालोजीही फौजेतलेच. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याची विद्या शिकले, पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांना मुलगा झाला. तेच आपले बाबासाहेब आंबेडकर. पुढे हे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. तिथे सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवीत आणि स्वतः अंग टाकीत. गणवेश उतरला होता. पहाऱ्याची सवय काही सुटली नव्हती. असा बाप आम्हा मास्तरांना पालकसभेत भेटला, तर आम्ही उभे राहून त्याला खुर्ची देऊ.

त्याआधी काही काळ हे कुटुंब कोकणात दापोलीला होते. ते जुन्या फौजेतल्या पेन्शनरांचे ठाणेच. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. 1886 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बंदूक ठेवून लेखणी घेऊन बसला आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागला. लेखणीचे वळण पलटणीतले होते, हे सांगायला नकोच.

आणि नेमका हाच दरवाजा 1892 च्या सुमारास बंद झाला. 'लढवय्या जाती' अमुक आणि बिनलढवय्या तमुक, असे एक शास्त्र साहेबाने तोवर शोधून काढले होते. सरसेनापती रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. महारांची भरती थांबली. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ तर भीमेकाठी उभाच होता, आणि त्यावर कंपनीच्या पलटणीतल्या 'नाक' प्रत्ययाच्या महार शिपायांची नावे कोरलेली होती. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा, यावर आपल्याकडे आजही कडाक्याचे वाद होतात. मला एवढेच दिसते की, ज्यांची नावे सरकारने दगडात कोरली, त्यांच्याच नातवंडांना त्याच सरकारने हजेरीपटावरून पुसून टाकले. पगार गेला, पेन्शन गेली, आणि त्यांच्याबरोबर शाळाही गेली. पगाराचा तोटा एका पिढीला जाणवतो. शाळेच्या तोट्याचा हिशेब कोणी मांडावा?

वलंगकरांनी 1894 मध्ये अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली. अर्जांनी काही हलले नाही; हलले ते महायुद्धाने! माणसे कमी पडू लागताच 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध सरल्यावर थोड्याच वर्षांत मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो.

दुसरे महायुद्ध आले. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले आणि त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. जवळजवळ पन्नास वर्षांची खिंडार पडलेली परंपरा पुन्हा सांधायची होती. बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला खरा, पण कवायत शिकवायला त्या परंपरेतले जुने हवालदार कितीसे उरले असतील! 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, पुढे पुन्हा पायदळाची. बिल्ल्यावर स्तंभाच्या जागी खंजीर आला. इतर समाजांचे जवानही तिच्यात आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे, आणि 1987 मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही तिच्याच आठव्या बटालियनचे.

रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. रामजी सुभेदारांचे महूही त्याच प्रांतात.