संग्रहालय, मद्य आणि कारंजे : मॉन्टजुईकची एक संध्याकाळ

बार्सिलोनात पर्यटकांसाठी संध्याकाळच्या ज्या मार्गदर्शित सहली निघतात, त्यांतील एक क्रम बराच रूढ झालेला आहे. उन्हे उतरू लागली की मॉन्टजुईक टेकडीवरील राष्ट्रीय प्रासादात कॅटलान कलेचे संग्रहालय पाहायचे. तेथून बाहेर पडून शहराकडे तोंड करून कॉकटेलचा एक पेला घ्यायचा. आणि अंधार पडता पडता टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या 'जादूच्या कारंज्या'चा रंगीत खेळ पाहून मुक्कामी परतायचे. आधी थोडे ज्ञान, मग थोडे मद्य, शेवटी डोळ्यांना सुख. क्रम उताराचा आहे आणि तो केवळ भौगोलिक अर्थाने उताराचा नाही, असे एखादा खवचट वाचक म्हणेल. ते बाजूला ठेवू. इथे मांडायचे आहे ते एवढेच की, या तीन विसाव्यांचा एकमेकांशी जो संबंध आहे तो सहलीच्या पत्रकात सहसा येत नाही. तिन्ही ठिकाणी जे समोर दिसते, ते दुसऱ्या कोठून तरी उचलून आणलेले किंवा दुसऱ्या कशाला तरी हटवून उभे केलेले आहे. आणि तीनपैकी दोन ठिकाणी, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या, एकाच माणसाची सावली पडलेली आहे.

तो माणूस म्हणजे जुझेप पुच इ काडाफाल्क. वास्तुविशारद, इतिहाससंशोधक आणि राजकारणी, असे तिन्ही. १९०७ साली त्याच्या नेतृत्वाखाली एक लहानशी तुकडी पिरेनीजच्या दुर्गम खोऱ्यांत गेली. बरोबर छायाचित्रकार आद्ल्फ मास होता. बहुतेक प्रवास खेचरांवरून. डोंगरातल्या ओबडधोबड दगडी चर्चांमध्ये, वेदीमागच्या अर्धगोल भिंतींवर, अकराव्या-बाराव्या शतकांतली भित्तिचित्रे धूळ आणि चुन्याखाली पडून होती. काही ठिकाणी नंतरच्या काळातील लाकडी वेदीपटांनी ती झाकून टाकली होती. ज्या समाजाला स्वतःची भाषा होती, साहित्य होते, पण राज्य नव्हते, त्या समाजाला आपले प्राचीनत्व असे एकाएकी भिंतीवर दिसले. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या आनंदात आहे.

गावकऱ्यांना या चित्रांची मोठी किंमत वाटत नव्हती. व्यापाऱ्यांना मात्र ती लगेच कळली. १९१९ मध्ये सांता मारिया दे मूर येथील चित्रे लुईस प्लांदिउरा या उद्योजक-संग्राहकाच्या व्यवहारातून भिंतीवरून उतरवली गेली आणि १९२१ मध्ये ती बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोहोचली. बार्सिलोनात खळबळ उडाली. विकण्यास कायद्याने अटकाव करता येत नव्हता. तेव्हा संग्रहालय मंडळाने, विशेषतः जुवाकिम फोल्क इ तोरेस याने, वेगळाच मार्ग काढला : व्यापाऱ्यांनी नेण्याआधी आपणच ती चित्रे काढून आणायची. मौज अशी की, हे काम करणारे कारागीर तेच इटालियन होते, ज्यांनी मूरची चित्रे व्यापाऱ्यासाठी काढली होती. फ्रान्को स्तेफानोनी हा त्यांचा प्रमुख.

त्यांच्या पद्धतीचे इटालियन नाव 'स्त्राप्पो', म्हणजे हिसकून काढणे. चित्रावर सरसात भिजवलेले कापड थरावर थर चिकटवायचे. सरस वाळताना आकसतो आणि भिंतीवरचा रंगाचा पातळ पापुद्रा आपल्याबरोबर ओढून घेतो. मग कापडासकट तो पापुद्रा सोलायचा, गुंडाळी करायची, खेचरावर लादून खोऱ्याबाहेर न्यायची, आणि शहरात नव्या कापडावर मागच्या बाजूने चिकटवून पुढचे कापड गरम पाण्याने सोडवायचे. १९१९ ते १९२३ या काळात अशी अनेक चर्चे रिकामी झाली. बोई खोऱ्यातील ताऊल गावचे सांत क्लिमेंत हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. डिसेंबर ११२३ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या चर्चमधील विश्वाधिपती ख्रिस्ताचे चित्र आज मॉन्टजुईकच्या दालनात, मूळ वेदीच्या आकाराच्या लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेले आहे. प्रेक्षक पुढून ख्रिस्त पाहतो आणि मागे गेला की फळ्या पाहतो. संग्रहालयाने फळ्या लपवल्या नाहीत, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

याच सुमारास, १९२० ते १९२२ मध्ये, निझाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी दोन इटालियन जीर्णोद्धारकांना, चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना, बोलावले होते. तेथे चित्रे भिंतीवरच ठेवून घट्ट करण्याचा निर्णय झाला. रोगणाने पुढे रंग पिवळे पडले, हा त्याचा तोटा. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडाही बॉस्टनच्या त्याच संग्रहालयात आहे. जागेवर ठेवावे की हलवावे, हा प्रश्न त्या दशकात सह्याद्रीपासून पिरेनीजपर्यंत सारखाच पडला होता. उत्तरे निराळी निघाली, आणि दोन्ही उत्तरांची किंमत चित्रांनीच मोजली.

फोल्क इ तोरेसने ती चित्रे वाचवली, हे मार्गदर्शकाचे नेहमीचे वाक्य खोटे नाही. तो थांबला असता तर ताऊल बॉस्टनला गेले असते, याविषयी मला फारशी शंका नाही. परंतु 'वाचवली' या क्रियापदाला कर्म जसे असते तसे अपादानही असते : कोणाकडून वाचवली? व्यापाऱ्याकडून, हे खरे, पण गावाकडूनही. ताऊलच्या चर्चमध्ये पुढे हुबेहूब प्रतिकृती रंगवण्यात आली. तीही नंतर काढली, आणि २०१३ पासून तेथे उघड्या भिंतीवर प्रकाशझोताने मूळ चित्र उमटवून दाखवतात. काही मिनिटे ख्रिस्त प्रकटतो, रंग एकेक करून भरत जातात, मग झोत बंद होतो आणि दगड राहतो. शहरातल्या रात्रीच्या कारंज्याचा हा डोंगरातला भाऊच म्हणायचा.

हा वाद शिळा झालेला नाही. अरागॉन प्रांतातील सिहेना मठाला १९३६ च्या यादवीत आग लावण्यात आली. तेथील होरपळलेली चित्रे बार्सिलोनात आणून जपली गेली, आणि ती परत द्यावीत असा निकाल स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात कायम केला. हलवताना चित्रांची हानी होईल, असे संग्रहालयाचे म्हणणे. आगीतून निघालेल्या रंगाबाबत ही भीती निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण चित्र हलवणे धोक्याचे असते हा युक्तिवाद ज्या संस्थेच्या दालनांतून होतो, ती दालनेच हलवलेल्या चित्रांची आहेत, हे विसरून तो ऐकता येत नाही. मला स्वतःला न्यायालयाचा निकाल तत्त्वतः पटतो. त्याच्या अंमलबजावणीची घाई मात्र कोणी करू नये.

आता दुसरा विसावा. कॉकटेल ही पर्यटकांसाठी केलेली आधुनिक भर आहे, संग्रहालयाशी तिचा काही संबंध नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. बार्सिलोनाच्या बाबतीत ते खरे नाही. शहरातील जुन्या कॉकटेल-गुत्त्यांत ज्याचे नाव आदराने घेतले जाते, तो 'बोआदास' १९३३ साली मिगेल बोआदास याने रांब्लाच्या वरच्या टोकाशी उघडला. बोआदासचा जन्म हवानाचा. आईवडील कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरील ल्योरेत दे मार या गावचे, आणि त्याने हात बसवला तो हवानातील 'फ्लोरिदिता'त, जिथे दाइकिरीला कीर्ती मिळवून देणारा कोन्स्तान्तिनो रिबालाइग्वा हाही ल्योरेतचाच. रमच्या बाटलीवरचे सुप्रसिद्ध बाकार्दी हे आडनावसुद्धा कॅटलानच. फाकुंद बाकार्दी सिचेस गावातून क्यूबात गेला आणि १८६२ मध्ये सान्तियागोत त्याने आपली भट्टी घातली.

एका लहानशा किनाऱ्यावरची इतकी माणसे क्यूबात काय करत होती? साखर, तंबाखू, जहाजे, दुकाने. आणि साखरेमागे गुलाम. क्यूबात गुलामगिरी संपली ती १८८६ मध्ये. तिकडे पैसा करून परतलेल्यांना कॅटलोनियात 'इंदियानो' म्हणत. त्यांच्या टुमदार वाड्यांपुढची ताडाची झाडे अजून दाखवतात. त्यांतल्याच आंतोनियो लोपेस या धनाढ्याचा पुतळा बंदराजवळ उभा होता. गुलामांच्या व्यापाराशी त्याचे नाव जोडले गेले होते आणि तो आरोप त्याच्या मेहुण्यानेच छापून केला होता. २०१८ च्या मार्च महिन्यात महापालिकेने तो पुतळा उतरवला. याच लोपेसची मुलगी एउसेबी ग्वेल याला दिली होती, आणि ग्वेल हा गौदीचा आश्रयदाता. हे सगळे पेल्यात दिसत नाही, दिसावे अशी अपेक्षाही नाही. पण रम आणि लिंबाचा तो पेला हातात देताना 'भूमध्य समुद्राची चव' असे सांगितले जाते तेव्हा समुद्र चुकतो.

पेला संपवून पायऱ्या उतरू लागले की पुच इ काडाफाल्क पुन्हा भेटतो. मॉन्टजुईकवर मोठे प्रदर्शन भरवण्याची कल्पना मुळात त्याच्या पिढीची. १९१० च्या दशकात ती विद्युत उद्योगांचे प्रदर्शन म्हणून पुढे आली होती. १९१९ मध्ये त्याने पायथ्याशी सुमारे वीस मीटर उंचीचे चार स्तंभ उभारले, कॅटलान ध्वजावरील चार तांबड्या पट्ट्यांची खूण म्हणून. तेव्हा तो चार कॅटलान प्रांतांच्या संयुक्त मंडळाचा अध्यक्ष होता. १९२३ मध्ये जनरल प्रिमो दे रिवेराने सत्ता बळकावली. पुच इ काडाफाल्कने आरंभी या लष्करशहाविषयी आशा बाळगली होती, ही गोष्ट त्याचे चाहते हळू आवाजात सांगतात. ती फार टिकली नाही. १९२५ मध्ये ते मंडळच बरखास्त झाले, आणि १९२८ मध्ये, प्रदर्शनाला राजा आणि परदेशी पाहुणे येणार म्हणून, चारही स्तंभ पाडून टाकण्यात आले.

मोकळ्या झालेल्या जागी काय करायचे, याचे उत्तर कार्लेस बुइगास या तरुण अभियंत्याने दिले : पाणी आणि प्रकाश. तीन हजारांहून अधिक मजूर लावून वर्षभराच्या आत कारंजे उभे राहिले आणि मे १९२९ मध्ये, प्रदर्शनाच्या आरंभी, ते उसळले. ३,६०० हून अधिक धारा, त्यांचे बदलते आकार, खालून येणारे रंग. स्तंभ पाहून आपण कोण याचा विचार करावा लागे. कारंजे पाहताना तशी गरज नसते. हुकूमशाहीला कारंजे आवडले यात नवल नाही. पण लोकांनाही ते मनापासून आवडले आणि अजून आवडते, हेही तितकेच खरे. बुइगास हा काही कोणाचा हस्तक नव्हता. पाण्याचे वेड घेतलेला तो एक प्रतिभावान माणूस होता.

ज्या मजुरांनी हे बांधले त्यांतील पुष्कळ जण मुर्सिया, आल्मेरिया अशा कोरड्या दक्षिणेकडून आलेले. राहायला घरे नव्हती, म्हणून टेकडीच्या अंगावरच झोपड्या पडल्या, आणि त्या पुढे कित्येक दशके टिकल्या. प्रदर्शनातील मिशनरी दालनाची इमारत फ्रान्कोच्या काळात वेगळ्याच कामी आली. घर किंवा काम नसलेल्या स्थलांतरितांना पकडून तेथे कोंडत आणि आगगाडीने गावी परत धाडत. टेकडीच्या माथ्यावरील किल्ल्यात १५ ऑक्टोबर १९४० रोजी कॅटलोनियाचा अध्यक्ष लुईस कुम्पाञ्स याला गोळ्या घालण्यात आल्या. संध्याकाळच्या सहली किल्ल्यापर्यंत जात नाहीत. चढ फार आहे.

यादवीत मोडलेले कारंजे १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाले. संगीत त्याला १९८० च्या दशकात जोडले गेले. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी, सोलहून ऑलिंपिकचा ध्वज आला त्या निमित्ताने, याच कारंज्यासमोर मोन्सेरात काबाये आणि फ्रेडी मर्क्युरी यांनी 'बार्सिलोना' हे गीत सादर केले. खरे तर त्यांचे केवळ ओठ हलत होते, आवाज ध्वनिमुद्रित होता. आपल्या पाचगणीच्या शाळेत वाढलेल्या या पारशी मुलाचे ते शेवटचे मोठे रंगमंचीय दर्शन. १९९२ चे ऑलिंपिक पाहायला तो उरला नाही.

चार स्तंभ २०१० मध्ये परत उभे राहिले. मूळ जागी ते उभारता येणे शक्य नव्हते, कारण तेथे कारंजे आहे. म्हणून थोडे वर, कारंजे आणि प्रासाद यांच्या मध्ये. सहलीतील बहुतेक जण त्यांच्या पायथ्याशी बसून कारंजे सुरू होण्याची वाट पाहतात. गेल्या दुष्काळात तीही वाट संपली : १ फेब्रुवारी २०२४ रोजी बार्सिलोना परिसरात जलआणीबाणी जाहीर झाली, माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली, आणि त्याआधीच कारंजे कोरडे पडले होते. २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी मागवणाऱ्या लातूरकराला तो आकडा चैनीचा वाटेल. त्या काळात सहलीचा तिसरा विसावा गळला. संग्रहालय आणि मद्य चालू राहिले, आणि खाली उतरणाऱ्यांना कोरड्या कुंडाच्या वरच्या बाजूला ते चार स्तंभ तेवढे दिसत.